नऊशे सीडी आणि लहान घर: एका संग्रहाच्या निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे एका चौकोनी कुटुंबाचं प्रकरण आहे. वडील सत्तरीच्या पुढचे, निवृत्त. आई. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, दोघंही आपापल्या संसारात. ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि काही तपशील गाळले आहेत. इथे त्यांना काका, काकू, ताई आणि धाकटा असंच म्हणू. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती काढून देण्याचं काम मी करतो, म्हणून ताईंनी मला बोलावलं.

काका-काकूंनी मोठं घर सोडून लहान घरात जायचं ठरवलं होतं. बाकीच्या सामानाचे निर्णय पटापट झाले. अडलं ते बैठकीतल्या कपाटाशी. त्यात साधारण ९०० सीडी होत्या. सीडी १९८२ साली बाजारात आली. त्यानंतर काही वर्षांनी काकांनी पहिली घेतली आणि पुढे वीसेक वर्षं घेतच राहिले. त्यांतल्या दीडशेच्या आसपास मात्र विकतच्या नव्हत्या. त्या घरी भरलेल्या, म्हणजे सीडी-आर होत्या. त्यांवर मार्करने तारीख, गाणाऱ्याचं नाव, कधी नुसतंच 'दुसरा भाग, सुरुवात कापली आहे' असं काहीबाही लिहिलेलं. काका मित्रमंडळींच्या घरगुती मैफली रेकॉर्ड करायचे. आधी कॅसेटवर, नंतर सरळ सीडीवर. कॅसेटी सीडीवर उतरवून झाल्या तशा त्या टाकून दिल्या. त्या काळी सीडी म्हणजे कायमची, असंच सगळे धरून चालले होते.

अडचण

प्लॅस्टिकच्या नेहमीच्या डबीची जाडी सेंटीमीटरभर असते. ९०० डब्या ओळीने उभ्या लावल्या तर ९ मीटरहून लांब फळी लागते. पुस्तिकेसकट एका डबीचं वजन १०० ग्रॅम धरलं तर एकूण ओझं ९० किलोच्या घरात जातं. नव्या घरात एवढी भिंतच मोकळी नव्हती.

चौघांची चार मतं होती आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं. धाकटा म्हणत होता, "बाबा, शेवटची सीडी तुम्ही कधी लावलीत? हे सगळं फोनवर आहे." काकांचं उत्तर ठरलेलं: "आहे म्हणजे काय काय आहे, ते एकदा शोधून दाखव." काकू वेगळ्याच कारणाने कंटाळल्या होत्या. "अहो, त्या कपाटाची धूळ आता माझ्याने पुसवत नाही," एवढंच त्या म्हणायच्या. ताईंचं मात्र स्पष्ट मत होतं की जे काय करायचं ते बाबांच्या हातूनच व्हावं. त्यांच्या माघारी भावंडांनी डबे उघडून अंदाज बांधत बसायचं, हे त्यांना नको होतं.

वाद पुढे सरकत नव्हता, कारण प्रश्न सरसकट विचारला जात होता: संग्रह ठेवायचा की टाकायचा? पण त्या कपाटात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र राहत होत्या. लाखो घरांत सापडतील अशा सीडी, आता कुठे सहजी न मिळणाऱ्या सीडी, आणि जगात दुसरी प्रतच नसलेल्या सीडी. तिन्हींना एकच न्याय लावला की तो कोणाच्या तरी बाबतीत चुकणारच. मी पहिल्या बैठकीत एवढंच सुचवलं की किंमत किती, आवड किती हे थोडं बाजूला ठेवू. प्रत्येक सीडीला आधी एकच प्रश्न विचारू: ही गेली तर हेच पुन्हा कुठून आणता येईल का?

समोर असलेले पर्याय

सगळं जसंच्या तसं नेणं हा पर्याय जागेनेच बाद केला. सगळं एकगठ्ठा कोणाला तरी देऊन टाकणं धाकट्याला सोयीचं वाटत होतं. पण एकगठ्ठा घेणारा मोजक्या सीडींसाठीच घेतो आणि बाकीच्या फेकून देतो. शिवाय घरी भरलेल्या सीडी त्याच्या दृष्टीने कचराच असतात.

स्ट्रीमिंगवर विसंबणं या पर्यायाची ताईंनी नीट परीक्षा घेतली, आणि ती मला फार आवडली. कपाटातल्या आवडत्या सीडी न निवडता त्यांनी ओळीतली दर विसावी सीडी काढली आणि फोनवर शोधली. बहुतेक सापडल्या, हे काकांनाही मान्य करावं लागलं. ज्या सापडल्या नाहीत त्यांत छोट्या कंपन्यांनी काढलेल्या आणि पुन्हा न छापलेल्या सीडींचा भरणा होता. सापडलेल्यांतही दोन गोष्टी लक्षात आल्या. काही ठिकाणी अल्बमचं नाव तेच, पण आवाज नव्याने मास्टर केलेला, म्हणजे छापण्याआधी त्याची पातळी आणि तोल नव्याने बसवलेला होता. नव्वदच्या दशकापासून ध्वनिमुद्रणं अधिकाधिक मोठ्या पातळीवर छापायची चढाओढ लागली. त्यात हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर दाबलं गेलं. ऐंशीच्या दशकातली सीडी लावली की आधी आवाज बारीक वाटतो, पण बटण फिरवून दोन्ही एका पातळीवर आणले की जुनीत वाद्यांमधली मोकळीक ऐकू येते. पातळी जुळवल्याशिवाय ही तुलना करू नये, कारण जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. दुसरी गोष्ट पुस्तिकांची. साथीला कोण होतं, कुठे आणि कधी रेकॉर्ड झालं, ही माहिती फोनवर क्वचितच पूर्ण मिळते. आणि परवान्याची मुदत संपली की आज दिसणारा अल्बम उद्या यादीतून नाहीसा होऊ शकतो.

चौथा पर्याय, सगळ्या सीडी संगणकावर उतरवून मग त्या देऊन टाकणं. जागेच्या दृष्टीने यात काहीच अडचण नव्हती. सीडीवरच्या एका तासाच्या संगीताला कच्च्या स्वरूपात ६३५ एमबी लागतात. फ्लॅक या स्वरूपात एक कणही न गमावता ते निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे ९०० सीडी साधारण ३०० ते ४०० जीबीत, हाताच्या तळव्याएवढ्या ड्राइव्हवर मावतात. धाकट्याने हाच बेत पुढे रेटला. ताईंनाही तो पटत आला होता.

पहिला निर्णय: आधी निवड की आधी प्रती?

इथे काकांनी एक आडवा प्रश्न विचारला. "सीडी दुसऱ्याला द्यायची आणि तिची प्रत आपल्याकडे ठेवायची, हे बरोबर आहे का?"

स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढण्याबद्दल देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत. ब्रिटनमध्ये तर २०१४ साली अशी मुभा दिली गेली आणि २०१५ साली न्यायालयाने ती रद्द केली. पण जिथे मुभा आहे तिथेही तिच्यामागची कल्पना मूळ वस्तू आपल्याजवळ आहे अशीच असते. काकांना कायद्याच्या कलमापेक्षा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांशी प्रामाणिक राहण्याचं महत्त्व अधिक वाटत होतं. त्यांनी ठरवलं: जी सीडी घराबाहेर जाईल, तिची प्रत घरात राहणार नाही.

या एका निर्णयाने कामाचा क्रमच उलटला. जिची प्रत ठेवायची नाही ती उतरवायची तरी कशाला? नीट पडताळून उतरवायची तर एका सीडीला पाच-दहा मिनिटं लागतात, खराब असली तर त्याहून पुष्कळ जास्त. शिवाय गाण्यांची नावं तपासायची, मुखपृष्ठ स्कॅन करायचं. निवड आधी केली तर निम्म्याहून अधिक मेहनत वाचणार होती. सोयीसाठी 'आधी सगळं उतरवून ठेवू, मग बघू' म्हणणारी बरीच घरं मी पाहिली आहेत. त्यात माणूस वर्णानुक्रमाने 'अ'पासून सुरू करतो, उत्साह 'क'पाशी संपतो आणि तळाच्या कप्प्यातल्या घरी भरलेल्या सीडींपर्यंत हात पोचतच नाही. खरी घाई नेमकी त्यांचीच असते.

घरी भरलेल्या सीडींना पहिला मान

विकतची सीडी आणि घरी भरलेली सीडी बाहेरून सारखी दिसते, पण आत बराच फरक असतो. विकतच्या सीडीत माहितीचे खळगे प्लॅस्टिकमध्येच ठशाने उमटवलेले असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. सीडी-आरमध्ये खळगे नसतात. रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरने तो जागोजागी भाजून माहिती लिहिली जाते. हे रंगद्रव्य उजेडाने आणि उष्णतेने बिघडतं. किती वर्षांत बिघडेल हे त्या सीडीच्या दर्जावर आणि ती कशी ठेवली यावर अवलंबून असतं, म्हणून दोन सीडींचं भविष्य सारखं नसतं.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. चमकणाऱ्या बाजूपेक्षा छापील बाजू जास्त नाजूक असते. खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचं कवच असतं, वरून मात्र धातूच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप आणि छपाई. खालचा चरा बहुतेक वेळा पॉलिश करून निघतो. वरून धातूपर्यंत गेलेला ओरखडा कायमचा.

काकांच्या एका वर्षाच्या सीडींवर त्यांनी हौसेने गोल कागदी लेबलं चिकटवली होती. त्यातली एक मी हातात घेतली तेव्हा लेबलाची कड एका बाजूने फुगून वर आली होती. दिव्यासमोर धरली तर फुग्याच्या खाली नखाएवढा भाग पारदर्शक झालेला दिसत होता. कागद उचलला गेला तसा त्याने धातूचा थरही सोबत उचलला होता. काकू म्हणाल्या, "मग ते लेबल नीट काढून टाकू या का?" नाही. अशा वेळी लेबलाला हातच लावायचा नसतो. ओढलं की उरलंसुरलंही निघून येतं. आहे तशी, मिळेल तेवढी प्रत आधी काढायची.

या सीडींची प्रत काढताना एक अडचण येते आणि तीच या प्रकरणाचा गाभा म्हणता येईल. सीडीवाचकात चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था असते. रेषेवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची माहिती खराब झाली तरी ती गणिताने जशीच्या तशी परत मिळते. त्यापुढचं नुकसान असेल तर यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. त्यामुळे 'वाजतेय ना, मग चांगली आहे' याला अर्थ नाही. विकतच्या सीडीसाठी यावर चांगला उपाय आहे. ॲक्युरेटरिप नावाच्या माहितीसाठ्यात जगभरच्या लोकांनी काढलेल्या प्रतींचे पडताळा-आकडे साठवलेले आहेत. आपला आकडा त्यांच्याशी जुळला की प्रत निर्दोष समजायची. घरी भरलेल्या सीडीचा आकडा तिथे नसतोच. प्रोग्रॅम 'साठ्यात नोंद नाही' असं सांगून मोकळा होतो. धाकट्याला पहिल्यांदा हा संदेश दिसला तेव्हा त्याने तो बिघाड समजून मला विचारलं. मी त्याला म्हटलं की आपण जे शोधतोय ते हेच. ताडून बघायला जगात दुसरी प्रत नाही, म्हणूनच नोंद नाही. (अगदी विरळ छापलेल्या विकतच्या सीडीलाही कधी हाच संदेश येतो, हे खरं. पण तीही जपावी अशीच असते.) त्या दिवसापासून निवडीच्या कामात धाकट्याचा हात सगळ्यांत पुढे राहिला.

मग पडताळायचं कसं? दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीडी-ड्राइव्हवर प्रत्येक सीडी स्वतंत्रपणे उतरवायची आणि दोन प्रतींचे आकडे एकमेकांशी जुळवायचे, असं ठरलं. जुळले तर पुढे. नाही जुळले तर सीडी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही, आणि सर्वांत कमी वेगाने पुन्हा वाचायची. गोल पुसताना चरा पडला तर तो माहितीच्या रेषेच्या दिशेने पडतो आणि दुरुस्तीच्या गणिताला तोच सर्वांत जड जातो.

कोऱ्या निघालेल्या सीडी

घरी भरलेल्यांपैकी काही सीडी संगणकाने कोऱ्या म्हणून दाखवल्या. धाकट्याने त्यांचा वेगळा गठ्ठा केला आणि तो टाकायच्या खोक्यात गेला. काकांनी संध्याकाळी खोकं चाळताना त्यातली एक उचलली, खिडकीशी नेऊन तिरपी धरली आणि म्हणाले, "ही कोरी नाही." खालच्या हिरवट बाजूवर मधल्या भोकापासून अर्ध्यापर्यंत एक छटा होती आणि पुढे कडेपर्यंत दुसरी. दोहोंच्या मधली सीमा आखून घेतल्यासारखी गोल आणि स्वच्छ. जिथवर लेझरने लिहिलं तिथवर रंग किंचित गडद झाला होता.

उलगडा असा झाला की काकांनी काही काळ संगणकाऐवजी स्वतंत्र सीडी रेकॉर्डर वापरला होता. अशा यंत्रावर रेकॉर्डिंग संपल्यावर सीडी 'फायनलाइज' करावी लागते, म्हणजे तिच्यावर गाण्यांची अंतिम अनुक्रमणिका लिहून ती बंद करावी लागते. ते राहून गेलं तर ती सीडी फक्त त्याच जातीच्या यंत्रावर वाजते आणि साध्या ड्राइव्हला त्यावर काहीच दिसत नाही. रेकॉर्डर माळ्यावर होता, आणि तो चालू झाला.

आता दोन वाटा होत्या. सीडी लगेच फायनलाइज करायची, की मग ती संगणकावर पाच मिनिटांत उतरेल. किंवा रेकॉर्डरवर ती पूर्ण वाजवायची आणि त्याच्या डिजिटल आउटपुटमधून संगणकावर जितक्या तासांचं गाणं तितके तास बसून मुद्रण करायचं. धाकट्याला पहिली वाट सरळ वाटत होती. मी दुसरीच्या बाजूने होतो. फायनलाइज करणं म्हणजे म्हाताऱ्या सीडीवर, म्हाताऱ्या लेझरने नव्याने लिहिणं. ते अर्धवट राहिलं तर सीडी ना इकडची ना तिकडची. आधी वाजवून आवाज सुरक्षित करायचा आणि मग हवं तर फायनलाइज करून बघायचं, असं ठरलं. वेळ गेला, पण काका समोर बसून ऐकत होते आणि ताई त्यांच्याकडून कोण गातंय, तंबोऱ्यावर कोण आहे, खोली कोणाची, हे विचारून लिहून घेत होत्या. सीडीवरच्या मार्करच्या दोन शब्दांत हे काहीच नव्हतं. नंतर फायनलाइज करताना एक सीडी खरंच अडकली. तिच्यातलं गाणं तोवर हाती आलेलं होतं.

पुस्तिका आणि पेन्सिलीची टिपणं

विकतच्या साडेसातशे सीडींची निवड त्या मानाने सोपी जाईल असं वाटलं होतं. ताईंनी एक तक्ता केला: नाव, कंपनी, वर्ष, मधल्या कड्यावरचा क्रमांक, स्ट्रीमिंगवर आहे का, आणि शेवटी काकांचं मत. मधल्या कड्यावर कोरलेली अक्षरं पुष्कळ काही सांगतात. १९९४ पासून तिथे 'आयएफपीआय' ही अक्षरं आणि कारखान्याचा संकेतांक कोरायला सुरुवात झाली. ते नसलं तर छपाई त्याआधीची असण्याची शक्यता वाढते. नव्याने मास्टर केलेली प्रत आणि मूळ प्रत यांतला फरक बऱ्याचदा या कड्यावरूनच ओळखता येतो, कारण मुखपृष्ठ तेच ठेवलेलं असतं.

पण पुस्तिका उघडून बघायला लागल्यावर काम थबकलं. काकांनी ऐकता ऐकता समासात बारीक अक्षरांत पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. 'दुसरं गाणं, चौथ्या मिनिटानंतर व्हायोलिन ऐक.' 'इथे साथीदार सम चुकतो आणि लगेच सावरतो.' एका जाझच्या सीडीत प्रत्येक गाण्यापुढे त्यांनी ताल मोजण्याचा प्रयत्न केलेला, खोडलेला आणि पुन्हा केलेला. ती सीडी कुठल्याही फोनवर आहे. ती पुस्तिका कुठेच नाही.

इथे आमच्या पहिल्या प्रश्नाला एक पोटप्रश्न जोडावा लागला: पुन्हा मिळणार नाही असं यात नेमकं काय आहे, संगीत की कागद? काकांचं म्हणणं पडलं की टिपणं असलेल्या पुस्तिका स्कॅन करून ठेवा आणि सीडी देऊन टाका. ताईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही 'चौथ्या मिनिटानंतर' लिहिलंय ते या छपाईचं चौथं मिनिट आहे. दुसऱ्या प्रतीत ते सरकलं तर?" हा मुद्दा बिनतोड होता. वेगवेगळ्या छपायांत गाण्यांची लांबी आणि क्रम बदललेला असतो. टिपणं असलेल्या सीडी पुस्तिकेसकट ठेवायच्या, असं ठरलं. त्या ठरवल्यापेक्षा बऱ्याच निघाल्या.

जागेचा प्रश्न त्यांनी डब्या काढून सोडवला. सीडी, पुस्तिका आणि मागचा छापील कागद मिळून मऊ पाकिटात घातले की जाडी तिसऱ्या हिश्श्यावर येते. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. पीव्हीसीतली मऊपणा आणणारी रसायनं कालांतराने बाहेर येतात आणि सीडीला चिकटतात.

याच चाळणीत काही सीडी कडेने तांबूस पडलेल्या निघाल्या. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधल्या एका कारखान्यात वापरलेला लाखेचा लेप पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला टिकाव धरणारा नव्हता. त्यामुळे तिथल्या सीडी कडेकडून मधे अशा तांबूस पडत गेल्या, हे संग्राहकांत सर्वज्ञात आहे. काकांच्या तांबूस सीडी ब्रिटिश छपाईच्या आणि त्याच वर्षांतल्या होत्या. सीडीवर शेवटची गाणी कडेला असतात, म्हणून आधी तीच बिघडतात. पहिलं गाणं लावून 'चांगली आहे' म्हणणं इथे फसवं ठरतं. या सीडी दुसऱ्याला देण्यात अर्थ नव्हता. ज्या उतरल्या त्या उतरवून मूळ सीडीसह ठेवल्या.

बाकीच्या कुठे गेल्या

घराबाहेर जायच्या सीडींसाठी ताईंनी आधी एका ग्रंथालयाला विचारलं. त्यांना खोकी नको होती. जे त्यांच्याकडे आहे त्याच्या आणखी प्रती तर नकोच होत्या. यादी पाठवल्यावर मात्र त्यांनी काही मोजक्या सीडी निवडून मागितल्या. संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेनेही असंच केलं. यादी नसती तर दोघांकडूनही नकारच आला असता. उरलेल्यांतल्या काही मित्रांनी आणि नातेवाइकांनी नेल्या.

कोणालाच नको असलेल्या आणि न वाजणाऱ्या सीडी शेवटी उरतातच. सीडी पॉलिकार्बोनेटची असते आणि डबी पॉलिस्टायरीनची. घरगुती कचऱ्याच्या नेहमीच्या व्यवस्थेत ही प्लॅस्टिकं क्वचितच घेतली जातात, म्हणून वेगळं संकलन करणारा शोधावा लागतो. त्या जाळू तर अजिबात नयेत. खासगी मजकूर असलेल्या सीडी कापून मगच दिल्या.

गाणाऱ्यांची परवानगी

घरगुती मैफलींची मुद्रणं सुरक्षित झाल्यावर ती एखाद्या संग्रहालयाला द्यावीत, सगळ्यांना ऐकू द्यावीत, असं धाकट्याच्या मनात आलं. ज्याला हे खोकं टाकून द्यायचं होतं त्यालाच आता ते जगासमोर आणायचं होतं. पण सीडी काकांच्या असल्या तरी गाणं गाणाऱ्यांचं होतं. आपल्या सादरीकरणाचं संमतीशिवाय झालेलं मुद्रण आणि त्याचं प्रसारण यावर कलाकाराचा हक्क असतो, हे तत्त्व १९६१ च्या रोम करारापासून मान्य झालेलं आहे. काकांनी मैत्रीत रेकॉर्ड केलं तेव्हा कोणाची ना नव्हती, पण ती संमती त्या खोलीपुरती होती.

ज्यांच्यापर्यंत पोचता आलं त्यांना काकांनी स्वतः फोन केले. बहुतेकांना आनंद झाला. एका गायिकेने मात्र सांगितलं की त्या वयातलं आपलं गाणं लोकांपुढे यावं असं तिला वाटत नाही. घरात ठेवा, मला एक प्रत द्या. तसंच केलं. ज्या कलाकारांचं निधन झालं आहे त्यांच्या घरच्यांना प्रत पाठवून विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत ती मुद्रणं घरातच राहतील.

काय निष्पन्न झालं

नव्या घरात दोन फळ्या भरतील एवढाच संग्रह गेला. त्यात टिपणं असलेल्या सीडी, दुर्मीळ छपाया आणि घरी भरलेल्या सगळ्या सीडी आहेत. घरी भरलेल्या सीडी प्रत काढून झाली म्हणून टाकल्या नाहीत. उद्या प्रतीत काही खोट निघाली तर पुन्हा वाचून बघायला मूळ हवं. त्या उभ्या, बंद कपाटात, उन्हापासून लांब ठेवल्या आहेत. उतरवलेल्या फायलींच्या तीन प्रती आहेत: एक काकांच्या संगणकावर, एक वेगळ्या ड्राइव्हवर, एक ताईंच्या घरी. घरी भरलेल्यांपैकी काही सीडी दोन्ही ड्राइव्हवर अनेकदा वाचूनही पूर्ण उतरल्या नाहीत. लेबलवाल्या त्या वर्षातल्या तीन सीडी तर जवळपास पूर्णच गेल्या. मूळ कॅसेटी असत्या तर त्यांवरून हे परत घेता आलं असतं.

काकूंची धूळ कमी झाली. काका पूर्वीपेक्षा जास्त ऐकतात, असं ताई सांगतात.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठा फरक वेळेने पडला असता. घर बदलायची तारीख ठरल्यावर हे काम सुरू झालं, त्यामुळे प्रत्येक निर्णयामागे घाई होती. घरी भरलेल्या सीडींचं काम घर बदलण्याशी बांधायचं कारणच नव्हतं. ते कितीतरी आधी स्वतंत्रपणे करता आलं असतं आणि त्या तीन सीडी कदाचित वाचल्या असत्या.

संगणकाने कोरं म्हटलेलं काहीही टाकायच्या खोक्यात जाण्याआधी घराच्या मालकाच्या नजरेखालून जायला हवं, हा नियम पहिल्याच दिवशी करायला हवा होता. काकांनी त्या संध्याकाळी खोकं चाळलं नसतं तर ती मुद्रणं गेली असती.

मूळ संगीत सापडतंय या आधारावर काही सीडी दिल्या गेल्या, त्यांच्या पुस्तिका मात्र निवडीच्या सुरुवातीला उघडून पाहिल्या गेल्या नव्हत्या. पेन्सिलीची टिपणं तोवर कोणाच्या लक्षातच आली नव्हती. काकांना आठवतंय की त्यांतल्या एक-दोनांत त्यांनी बरंच लिहिलं होतं. त्या संगीत संस्थेकडे गेल्या आहेत. ताईंनी तिथे विचारलं आहे, आणि संस्थेने पुस्तिका स्कॅन करून पाठवायचं मान्य केलं आहे.

एका बाबतीत माझं मत काकांपेक्षा वेगळं आहे. दिलेल्या सीडीची प्रत ठेवायची नाही हा त्यांचा नियम मला योग्य वाटतो, पण जी सीडी कुठेच मिळत नाही आणि जी त्यांनी संस्थेला दिली, तिची एक प्रत ग्रंथालयासारख्या ठिकाणी जतनासाठी असायला हवी होती. ग्रंथालयांना जतनासाठी प्रत करण्याची सवलत अनेक देशांत असते. अशा सीडी संस्थेऐवजी ग्रंथालयाकडे गेल्या असत्या तर नियमही पाळला गेला असता आणि मुद्रणही राहिलं असतं. ताईंच्या तक्त्यात अशा नऊ सीडींपुढे खूण आहे. त्या संस्थेकडून ग्रंथालयाला उसन्या देता येतील का, याची बोलणी सुरू आहेत.